हसऱ्या कवळ्यांची सुनावणी

माझे सासरे कवळ्या बनवतात. वरच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो आणि खाली कारखाना. कारखाना म्हणजे एक लांब टेबल, एक शेगडी, प्लॅस्टरची पोती, फडताळभर जबड्यांचे साचे आणि रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी. खिडकीवर पडद्याची दांडी आहे, दांडीत पितळी कड्या आहेत, पडदा मात्र नाही. सकाळचं ऊन थेट डोळ्यांत घुसतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी म्हणतेय, पडदा लावू या. सासरे मान डोलावतात आणि खुर्ची जरा सरकवून बसतात.

कवळीत सगळा खेळ चाव्याचा असतो. हिरड्यांचं माप कुणीही घेईल. पण खालचा जबडा वरच्याला नेमका कुठे भेटतो हे कळायला माणसाच्या तोंडात मऊ मेणाची पट्टी ठेवावी लागते आणि त्याला चावायला सांगावं लागतं. खुर्चीत बसवून ‘चावा’ म्हटलं की भला माणूससुद्धा जुनं वैर काढल्यासारखा चावतो. तो चावा खोटा. त्या मापावर कवळी केली तर माणूस जन्मभर कुणावर तरी डाफरल्यासारखा दिसतो आणि जेवताना स्वतःचे गाल चावून घेतो. म्हणून मेण गार होऊन घट्ट होईपर्यंत जबडा सैल राहायला हवा.

जबडा सैल ठेवायचं काम सासूबाईंचं होतं. त्या गिऱ्हाइकाशेजारी स्टुलावर बसायच्या आणि पडद्याच्या कापडाची गोष्ट सांगायच्या. “म्हणजे कसं बघा,” अशी सुरुवात व्हायची. त्या कारखान्याच्या खिडकीसाठी पडदा आणायला गेल्या होत्या. दुकानात दोन कापडं होती. एक हिरवं, बारीक ठिपक्यांचं. दुसरंही हिरवंच, पण ठिपके किंचित मोठे. खिडकीचं माप सुतळीनं घेतलं होतं आणि सुतळीला गाठ मारली होती, पण ती गाठ मापाच्या आत धरायची की बाहेर, हे घरून निघताना ठरलं नव्हतं. शिवाय सुतळी वाटेत भिजली होती. भिजलेली सुतळी आखडते की सैल पडते यावर दुकानदाराचं एक मत होतं, आणि तेवढ्यात तिथे आलेल्या त्याच्या मेहुण्याचं दुसरं. इथपर्यंत येता येता गिऱ्हाइकाचे डोळे अर्धे मिटायचे, खांदे पडायचे आणि जबडा आपसूक जागेवर यायचा. सासरे हात वर करायचे. सासूबाई असतील त्या शब्दावर थांबायच्या.

त्यामुळे गोष्टीचा शेवट कुणालाच ठाऊक नव्हता. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांत मोठेपणा त्यावरून ठरायचा. ज्याचा जबडा जास्त हट्टी, त्याला गोष्ट जास्त ऐकायला मिळालेली. “मी मेहुण्यापर्यंत पोचलो होतो,” असं कुणी म्हणालं की बाकीचे जरा दबून बोलायचे. मी एकदा सासूबाईंना सरळ विचारलं होतं, शेवटी घेतलंत कुठलं कापड? त्या म्हणाल्या, “तुझे दात पडू देत, मग सांगेन.”

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. झोपेत, एका शब्दात, हे त्यांच्या स्वभावाला अजिबात धरून नव्हतं. सासऱ्यांनी त्या दिवशी स्वतःची कवळी काढली, पाण्याच्या वाडग्यात ठेवली आणि वर झाकण घातलं. मग ते बोलेनात. जेवायलाही वर येईनात. टेबलाच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून पातळ पेज प्यायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. शर्टाची कॉलर मानेभोवती मोकळी फिरायला लागली. डॉक्टर म्हणाले, माणूस चावून खाईना, बोलेना, तर असाच झिजत जाणार. नवऱ्याचं म्हणणं पडलं की कारखाना बंद करू, बाबांना आराम मिळेल. मला वाटत होतं, त्या टेबलापासून उठवलं तर ते पुन्हा कुठे बसायचेच नाहीत. मला भीती वाटत होती. सासूबाईंच्या मागोमाग हेही जातील आणि आम्ही आरामाच्या गप्पा मारत बसू, अशी भीती.

अशात माझी आई राहायला आली. तिच्या घराच्या छपराचं काम निघालं होतं. “चार दिवस राहीन,” म्हणाली. बॅग उचलून वर नेताना माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, कारण ती चार दिवसांची बॅग नव्हती.

आईचं आणि माझं फारसं पटत नाही, कारण ती माझी नक्कल करते. ती सगळ्यांचीच करते. पाच मिनिटं कुणाशी बोलली की त्या माणसाचा आवाज, मानेचा झोक, खोकायची ढब सगळं तिच्यात उतरतं. दुसऱ्याच दिवशी ती खाली गेली आणि विचारता न विचारता सासूबाईंच्या स्टुलावर बसली. सासऱ्यांनी एकदा बघितलं आणि नजर वळवली. खुर्चीत तेव्हा हेडसर होते.

हेडसर म्हणजे शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांना बघून मुलं रस्ता ओलांडून पलीकडे जायची, आणि त्या मुलांचे बापही. मेण तोंडात असल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं आणि आईला ते सोयीचं पडलं. तिनं आधी आमच्या डॉक्टरांची नक्कल केली, मग कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंची, आणि मग, मला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, खुद्द हेडसरांची. हेडसरांचे खांदे गदगदा हलले. सासऱ्यांनी हात वर केला. मेण घट्ट झालं होतं.

तिथेच घोळ झाला. चावा हसताना घेतला गेला होता.

हसत्या चाव्यावर बेतलेली कवळी हसरी निघते. डॉक्टर म्हणतील असं काही नसतं. त्यांनी आमच्या गल्लीत येऊन पाहावं. वरचा ओठ जरासा उचलला जातो, गाल दोन्ही बाजूंनी फुगून येतात, आणि माणूस आत्ता काहीतरी आठवून हसणार असं दिसतं. सकाळपासून रात्रीपर्यंत, दळण आणायला गेला तरी, पाय मुरगळला तरी.

हेडसर आठवड्यात परत आले. कारखान्याच्या दारात उभे राहून त्यांनी काठी आपटली. ते संतापानं थरथरत होते आणि चेहरा मात्र लग्नाचं बोलावणं करायला आल्यासारखा होता.

“हे काय केलंत?” ते म्हणाले. “काल एका शोकसभेत मी भाषण केलं. मयताची बायको मला म्हणाली, बरं झालं, एक तरी माणूस खरं बोलतोय. आज सकाळी एका मुलानं मला थांबवून गणित विचारलं. मला. उभ्या आयुष्याची कमाई धुळीला मिळवलीत.”

सासऱ्यांनी हात पुढे केला. हेडसरांनी कवळी काढून दिली आणि त्यांचा चेहरा पूर्वीसारखा झाला. सासऱ्यांनी ती उजेडात फिरवून पाहिली, अंगठा चाव्यावरून फिरवला, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांच्या बोळक्या तोंडातून एक शब्द आला. “हसलाय.” माझ्या हातातला साचा पडता पडता राहिला.

त्यांनी खुर्चीकडे बोट केलं, म्हणजे दुसरी करून देतो. हेडसर खुर्चीपर्यंत गेले. मग खिडकीतून बाहेर बघितलं. सकाळचा तो मुलगा वही घेऊन फुटपाथवर उभा होता. हेडसर घुटमळले. “राहू दे दोन दिवस,” म्हणाले, कवळी घातली आणि हसत हसत बाहेर गेले.

तोवर आईनं स्टूल काही सोडलं नव्हतं. शिंपीणबाई, एक निवृत्त बसड्रायव्हर, बाजारातली भाजीवाली, एकामागून एक सगळ्यांचे चावे हसतानाच घेतले गेले. सासऱ्यांना कळत होतं. ते तिला उठवू शकले असते. उठवलं नाही, उलट मेण थोडं जास्त वेळ ठेवायला लागले. भाजीवाली तर वयानं फार मोठी नव्हती, तिचे दात लवकर गेले होते. तिच्याकडूनच आईला ते बाजारातलं प्रकरण कळलं.

बाजारात बायकांसाठी एक स्वच्छतागृह आहे. चांगलं बांधलेलं, पांढऱ्या फरश्या, वर पाण्याची टाकी. बांधून झाल्यापासून त्याला कुलूप होतं, कारण उद्घाटन व्हायचं होतं. दारावर लाल फीत बांधलेली होती, ती उन्हानं पिवळी पडली होती. पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती. भाजीवाली सकाळी टोपली घेऊन यायची ती संध्याकाळी घरी जाईपर्यंत पाण्याचा घोट घ्यायची नाही. ओळीतल्या सगळ्याच बायकांचं तसं होतं. दोघींना मूतखडे झाले होते.

“आणि तुम्ही गप्प बसलात?” आई म्हणाली.

“गप्प कुठे? हेडसरांनी अर्ज केले की.”

हेडसरांनी केले होते, दर वर्षी, निर्दोष शुद्धलेखनात. नगरपालिकेच्या साहेबांपुढे जाऊन उभेही राहिले होते. साहेब खाली मान घालून ‘बघू’ म्हणायचे. त्या साहेबांना दातांवर दात दाबून बोलायची सवय होती, शब्द फटीतून बाहेर यायचे. भल्याभल्यांची तिथे बोलती बंद व्हायची. बायका तर दारातूनच परतायच्या.

“उद्या जाऊ,” आई म्हणाली.

गेलो. हेडसर, शिंपीणबाई, बसड्रायव्हर, भाजीवाली, आई, आणि आईला आवरायला मी. नगरपालिकेच्या जिन्यात शिंपीणबाईंनी माझा दंड धरला. “माझे पाय लटपटतायत गं,” त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर त्याचा पत्ता नव्हता. भाजीवालीला तर घाम फुटला होता आणि ती जत्रेला निघाल्यासारखी दिसत होती. चेहरा पुढे चालला होता, बाकीचं अंग मागून नाइलाजानं येत होतं. पण येत होतं.

साहेबांनी मान वर केली. समोर चार प्रसन्न माणसं. त्यांनी आधी स्वतःच्या शर्टाची बटणं तपासली. मग मागे वळून भिंत पाहिली. मग हळूच विचारलं, “काय झालंय?”

“काही नाही,” हेडसर म्हणाले. “किल्ली हवी आहे. बाजारातल्या स्वच्छतागृहाची.”

“कुणी पाठवलंय तुम्हाला?”

“कुणी नाही,” शिंपीणबाई म्हणाल्या.

“वरून काही आलंय का? माझ्याबद्दल?”

“आम्हाला काय माहीत, साहेब,” भाजीवाली म्हणाली. ती खरं तेच सांगत होती. पण ज्या चेहऱ्यानं सांगत होती त्यावरून साहेबांची बदली कुठल्या ओसाड गावी झाली आहे हे तिला तालुक्यासकट ठाऊक असावं असं वाटत होतं. साहेबांची पाचावर धारण बसली. त्यांच्यापुढे आजवर जो तो रडवेला होऊन आला होता. न घाबरणारा माणूस बघायची त्यांच्या डोळ्यांना सवयच नव्हती. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि किल्ली टेबलावर ठेवली. “माझ्याबद्दल विचारलं कुणी,” ते म्हणाले, “तर सांगा, लगेच दिली.”

त्या दुपारी भाजीवालीनं फीत ओढून काढली, कुलूप उघडलं, आत गेली, बाहेर आली आणि ओळीतल्या सगळ्या बायकांसमोर तांब्याभर पाणी गटागटा प्यायली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं. रडण्यासारखं काय होतं त्यात, पण आलं.

नंतर गल्लीला जरा चढलंच. बसड्रायव्हर रोज सकाळी शाळेसमोर उभा राहून गाड्या थांबवायला लागला, कुणी सांगितलं नव्हतं. शिंपीणबाईंनी जावेशी धरलेला अबोला सोडला, कारण जाऊ दारातून म्हणाली, आता हसतेच आहेस तर ये आत. हेडसरांच्या ओट्यावर संध्याकाळी गणितवाल्यांची रांग लागायला लागली. आधी चेहरा हसायचा, मग समोरचा हसायचा, आणि हसणाऱ्यापुढे आपण तरी किती वेळ कुढत बसणार, म्हणून मग माणूस आतूनही थोडा हसायचा. माझे सासरे मात्र अजून भिंतीकडे तोंड करून पेजच पीत होते. ज्या टेबलावर हे सगळं घडत होतं, त्या टेबलाच्या मालकाचं वाडगं झाकलेलं ते झाकलेलंच होतं.

बदलीचा हुकूम काही आला नाही तेव्हा साहेबांनी चौकशी केली. कुणीतरी त्यांना कवळ्यांचं सांगितलं. ते स्वतः आले, बरोबर शिपाई, शिपायाच्या हातात लाखेचा डबा.

“सदोष कवळ्या,” साहेब दातांच्या फटीतून म्हणाले. “खोटे चेहरे वाटून शासकीय किल्ली मिळवलीत. पुढच्या सोमवारी सुनावणी. सगळ्या कवळ्या जमा करायच्या, किल्ली परत, आणि हा कारखाना सील. म्हणणं असेल तर मालकानं स्वतःच्या तोंडानं मांडायचं. वकील चालणार नाही, सूनही चालणार नाही.”

मी तोंड उघडलं होतं ते मिटलं.

ते गेल्यावर सासरे उठले. झाकण काढलं, वाडग्यातली कवळी काढली, तोंडात घातली. ती खळखळ वाजली आणि खाली आली. इतक्या महिन्यांत हिरड्या झिजून गेल्या होत्या. त्यांनी परत लावली, परत पडली. मग त्यांनी ती रुमालात गुंडाळली, खिशात ठेवली, आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसले. मेणाच्या पट्टीकडे बोट केलं, मग माझ्याकडे.

त्यांनी मला सगळं शिकवलं होतं, पण त्यांच्या तोंडात मेण ठेवायची वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यांनी पट्टी दातांशिवायच आवळली आणि जबडा दगडासारखा करून बसले. आईनं डॉक्टरांची नक्कल केली. काही नाही. साहेबांची केली, लाखेच्या डब्यासकट. नवरासुद्धा हसला. सासऱ्यांचा जबडा हलला नाही. मेण गार होत चाललं होतं.

आईनं नकला थांबवल्या. मग तिनं स्टूल जरा पुढे ओढलं, गुडघ्यावरची नसलेली धूळ झटकली, आणि घसा साफ केला. तो आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. गेलेल्या माणसाची नक्कल आई कधी करत नसे.

“म्हणजे कसं बघा,” सासूबाई म्हणाल्या.

आईनं स्वतःची कवळी याच खुर्चीत करून घेतली होती. ती मेहुण्यापर्यंत पोचलेल्यांपैकी होती. एकही शब्द तिनं इकडचा तिकडे केला नाही. दोन कापडं, दोन्ही हिरवी. बारीक ठिपके, किंचित मोठे ठिपके. सुतळी. “आता गाठ तर मारली होती,” सासूबाईंचा तो कंटाळवाणा, मायाळू, न संपणारा आवाज म्हणाला, “पण ती आत धरायची की बाहेर?” सासऱ्यांचे डोळे मिटले. गालांवरून पाणी वाहायला लागलं आणि त्याच वेळी खांदे हलायला लागले, आणि छातीतून काहीतरी आवाज आला. ते हसत होते की रडत होते हे मला सांगता येणार नाही. मी बोटानं मेण दाबून पाहिलं आणि हात वर केला. आई ‘मेहुणा’ म्हणता म्हणता ‘मेहु’वर थांबली.

मी ती कवळी एकटीनं केली. ते शेजारी बसून बघत होते, मधूनच माझ्या हातातली कानस काढून घ्यायचे, दोनदा घासायचे आणि परत द्यायचे. सोमवारी सकाळी घालून दिली. त्यांचा चेहरा हसरा झाला नाही, रडकाही झाला नाही. आत्ताच कुणीतरी भेटून गेल्यासारखा झाला.

सुनावणीची खोली गच्च भरली होती. शिपायानं टेबलावर काचेचे पेले मांडून ठेवले होते, ज्यानं त्यानं आपापली कवळी आपापल्या पेल्यात टाकावी म्हणून. कुणी तोंड उघडेना. साहेबांनी भाजीवालीला विचारलं, “कुलूप कुठाय?” ती म्हणाली, तराजूत आहे, अर्ध्या किलोचं वजन हरवलं होतं. साहेबांनी दातांवर दात दाबले आणि सासऱ्यांकडे वळले.

“चावा घेताना तुमच्याकडे नेमकं काय करतात?”

सासरे उभे राहिले.

“गोष्ट सांगतात,” ते म्हणाले. आवाज गंजला होता, पण शब्द स्वच्छ आले.

“कसली गोष्ट?”

“पडद्याच्या कापडाची. पद्धत समजायची तर पूर्ण ऐकावी लागेल.”

आणि हा माणूस, जो बायको असताना बोलण्याचं काम तिच्यावर सोपवून मोकळा झाला होता आणि ती गेल्यावर एका शब्दापलीकडे बोलला नव्हता, तो भरल्या खोलीत सुरू झाला. “म्हणजे कसं बघा.” त्यानं काही गाळलं नाही. कारकुनानं आधी सगळं लिहून घेतलं, मग लिहायचं सोडून ऐकायला लागला. ठिपक्यांपाशी शिंपीणबाई सावरून बसल्या, जुन्या कवळीच्या वेळी त्यांची गोष्ट तिथे संपली होती. भिजलेल्या सुतळीपाशी बसड्रायव्हर पुढे सरकला. मेहुणा आला तेव्हा हेडसरांनी काठी बाजूला ठेवली. इथून पुढचं कुणीच ऐकलं नव्हतं. मेहुण्याला दोन्ही कापडं महाग वाटली. दुकानदाराला मेहुणा महाग वाटला. दोघांचं वाजलं. त्यात बारीक ठिपक्यांचा तागा खाली पडला आणि उलगडत दारापर्यंत गेला. साहेबांचे खांदे केव्हाच पडले होते. त्यांचा जबडा, जो आम्ही कधी सुटा पाहिला नव्हता, हळूहळू सैल होऊन खाली आला होता. सासऱ्यांचं तिकडे लक्ष गेलं आणि त्यांचा हात सवयीनं वर जायला लागला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि थांबले.

साहेब खुर्चीत पुढे झुकले.

“मग?” साहेब म्हणाले. “कुठलं घेतलं?”

सासऱ्यांनी समोरचा एक पेला बाजूला सरकवला.

“घेतलंच नाही,” ते म्हणाले. “दोन्ही कापडं उजेडात बघायला ती दुकानाच्या दारात आली. मी पलीकडून येत होतो, खांद्यावर प्लॅस्टरचं पोतं. आमचं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. तिनं बारीक ठिपक्यांचं कापड डोळ्यांसमोर धरलं, तर मी दिसेना. बाजूला केलं, तर दिसलो. मग मोठ्या ठिपक्यांचं धरून पाहिलं. त्यातूनही दिसेना. मग तिनं दोन्ही दुकानदाराच्या हातात दिली आणि म्हणाली, नको, आमची खिडकी आहे तशीच बरी.”

इतकी वर्षं मी त्या उन्हावरून त्यांच्याशी भांडत होते.

साहेबांनी तोंड मिटलं, उघडलं. “आणि ती गाठ? आत धरली की बाहेर?”

“ते शेवटपर्यंत ठरलं नाही,” सासरे म्हणाले.

आधी कोण हसलं ते कळलं नाही. मला वाटतं शिपाई. साहेबांचं हसणं सगळ्यात शेवटी आलं, अडखळत, बऱ्याच दिवसांनी नळाला पाणी यावं तसं. त्यांच्या तोंडात सगळे स्वतःचे दात होते. निकालपत्र दुसऱ्या दिवशी घरी आलं. त्यात म्हटलं होतं की चाव्यात दोष सिद्ध होत नाही, स्वच्छतागृह उघडं राहील, कुलूप तराजूत राहील, आणि गाठीबाबत निर्णय राखून ठेवला आहे.

सुनावणीहून आलो तेव्हा जेवायची वेळ टळून गेली होती. सासरे खाली गेले नाहीत. आमच्या मागून जिना चढून वर आले, टेबलापाशी आपल्या जुन्या जागी बसले आणि इकडे तिकडे बघायला लागले. घरात पेज नव्हती. मी पावाचा एक कडक कोपरा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो तोंडात घातला आणि चावला. कुरकुर आवाज आला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, म्हणून त्यांनी घास गिळून आधी आईला म्हटलं, “विहीणबाई, तुमचं छप्पर झालं का?”

“कुठलं हो व्याहीबुवा,” आई म्हणाली. “अजून कौलंच आली नाहीत.”

आता चाव्याच्या वेळी गिऱ्हाइकाला विचारतात, नक्कल हवी की पडदा. पडदा सासरे स्वतः सांगतात आणि पुष्कळजण तोच मागतात, कारण शेवट बाहेर फुटला आहे आणि प्रत्येकाला तो त्यांच्याच तोंडून ऐकायचा असतो. ते सांगत नाहीत. मेण घट्ट झालं की थांबतात.

आज सकाळी मी चावा घ्यायला बसले. खुर्चीत एक म्हातारी होती, स्टुलावर सासरे. “म्हणजे कसं बघा,” त्यांनी सुरुवात केली. ऊन सरळ माझ्या डोळ्यांत आलं. मी खुर्ची जरा सरकवून बसले.